'त्या काळी तसंच होतं' म्हणजे नेमकं कधी?

यात्रा जवळ आली की आमच्या सीमाभागातल्या गावांत स्मरणिका निघते. महालक्ष्मीची यात्रा काही दर वर्षी येत नाही. कुठे बारा, कुठे वीस-पंचवीस वर्षांनी येते. त्यामुळे गावाला आपला इतिहास एकदाच, पण नीट छापून घ्यायचा असतो. आणि अलीकडे बऱ्याच ठिकाणी गाडी एकाच पानावर अडते. महारवाड्याची विहीर वेगळी होती हे छापायचं का? गावातल्या मुली सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीला सोडल्या जायच्या, म्हणजे देवदासी केल्या जायच्या, हे छापायचं का? जुन्या मंडळींचं उत्तर तयार असतं: "त्या काळी तसंच होतं. आजच्या फूटपट्टीनं कालचं मोजू नये." तरुणांचंही तयार असतं: "मग सगळेच गुन्हेगार होते, गौरव कसला छापताय?" चार दिवस व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर धुरळा उडतो, कुणीतरी कुणाचा आजा काढतो, आणि शेवटी अध्यक्ष ते पान गाळून तिथे एखाद्या ज्वेलर्सची जाहिरात टाकतात.

हा वाद होतोय याचं मला वाईट वाटत नाही. तो इतका वाईट पद्धतीने होतोय याचं वाटतं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. 'त्या काळी तसंच होतं' हे वाक्य एखाद्या माणसाला किती दोष द्यायचा हे ठरवताना कामाला येतं. ती गोष्ट चूक होती की नव्हती, हे ठरवताना ते काडीचंही कामाला येत नाही. शिवाय बहुतेक वेळा ते इतिहास म्हणूनही खोटं असतं, आणि माझा खरा राग त्या खोटेपणावर आहे.

पण जुन्या मंडळींच्या म्हणण्यात जे वजन आहे ते आधी मान्य करायला हवं, कारण ते थोडंथोडकं नाही. नीतीच्या कल्पना बदलतात, आणि झपाट्याने बदलतात. १८६० च्या दंडसंहितेत मुलीच्या संमतीचं वय १० वर्षं होतं. १८९१ साली ते १२ करायचं म्हटल्यावर अख्खा महाराष्ट्र पेटला. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय १४ केलं आणि १९७८ साली ते १८ झालं. म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांच्या पणज्यांची लग्नं आजच्या कायद्याने सरळ सरळ गुन्हा ठरतात. त्या पणजोबांना आज आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्यात शहाणपण नाही, हे कुणीही मान्य करेल. ज्याच्यापुढे दुसरा पर्याय कधी आलाच नाही, त्याने तो निवडला नाही म्हणून त्याला दोष कसा द्यायचा?

टिळकांचंच घ्या. १९१६ च्या एप्रिलमध्ये याच बेळगावात त्यांनी होमरूल लीग उभी केली, त्यामुळे ते आमच्याकडे जरा जास्तच आपले. १८९१ च्या संमतिवयाच्या विधेयकाला त्यांनी कडाडून विरोध केला. पण त्यांना दहा वर्षांच्या मुलीचा संसार आदर्श वाटत होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. मुलीचं लग्न सोळाच्या आणि मुलाचं विसाच्या आत करू नये, हे सुधारकांनी आधी स्वतःपुरतं पाळावं, असं त्यांनीच सुचवलं होतं. त्यांचा आक्षेप परक्या सरकारने आमच्या घरात शिरण्यावर होता. तो आक्षेप पोकळ नव्हता. 'आम्ही तुम्हाला सुधारतो' असं म्हणतच साहेबाने या देशावर राज्य केलं, आणि सुधारणेच्या कायद्यांनी ज्यांचं भलं व्हायचं त्यांचंच कधी कधी नुकसानही झालं.

देवीला सोडलेल्या मुलींबाबतही हेच सांगितलं जातं, आणि त्यात तथ्याचा अंश आहे. कर्नाटकाच्या काही भागांत मुलगा नसलेल्या घरी सोडलेली मुलगी बापाची वारस ठरे. देवीशीच लग्न लागलेलं, म्हणून तिला वैधव्य नाही. हळदी-कुंकवाच्या कार्यात तिचा मान. ज्या काळात विधवेचं केशवपन होत होतं, त्या काळात हे काही अगदीच कमी नव्हतं, असा युक्तिवाद शिकलेली माणसंही करतात. मी तो पुष्कळदा, पुष्कळ चांगल्या माणसांकडून ऐकला आहे.

आता त्याला उत्तर. वारसा मिळायचा खरा, पण तो कुणासाठी? बापाचं घर चालू राहावं म्हणून. सात-आठ वर्षांच्या पोरीच्या केसांत जट निघाली, 'आईचं बोलावणं आलं' म्हणत घरच्यांनी तिला डोंगरावर नेलं आणि गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची 'दर्शन' नावाची माळ बांधली. या सगळ्यात तिला कुणी एका शब्दाने विचारलं होतं का? जट म्हणजे न विंचरलेल्या केसांचा गुंता. तो कातरीने सुटतो, हे कार्यकर्त्यांनी आमच्या भागात असंख्य वेळा करून दाखवलं आहे. आणि हे अखंड सौभाग्य खरोखरच एवढं मोलाचं होतं, तर देसाई-देशपांड्यांनी, पाटील-इनामदारांनी आपल्या लेकी का नाही सोडल्या? मान फुकटचा होता तर तो रांगेत सगळ्यात मागे उभ्या असलेल्यांच्याच वाट्याला कसा आला?

इथेच 'त्या काळी' या शब्दांची झाडाझडती घ्यावी लागते. हे वाक्य बोलणारा माणूस साल कधीच सांगत नाही. आपण सांगू. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता, आणि मुली देवाला सोडण्याविरुद्धचा मुंबईचा कायदा १९३४ चा. शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी त्याही आधी, १९२० साली, जोगत्या-मुरळ्या सोडण्यावर बंदी घातली होती. पुढे कर्नाटकाने १९८२ साली नवा कायदा केला. महाराष्ट्राला स्वतःचा नवा कायदा करायला २००५ साल उजाडलं, ही आमच्या पुण्या-मुंबईच्या प्रागतिक मित्रांनी जरा लक्षात ठेवायची गोष्ट. आता समजा एखाद्या गावात १९६५ साली मुलगी सोडली गेली. कायद्याला तेव्हा एकतीस वर्षं झाली होती. विहिरीचंही तेच. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा रावबहादूर बोल्यांचा ठराव मुंबई कौन्सिलने १९२३ साली मंजूर केला. त्या कौन्सिलच्या अंमलाखालीच आपला जिल्हा होता. १९२५ च्या एप्रिलमध्ये बाबासाहेब आंबेडकर निपाणीला प्रांतिक बहिष्कृत परिषदेसाठी आले, आणि त्याच्या चार महिने आधी, डिसेंबर १९२४ मध्ये, बेळगावच्या काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून गांधीजी आले होते. दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या, दोघांचं पुढे जमलंही नाही, पण अस्पृश्यता हा कलंक आहे हे दोघेही सांगत होते. ते आमच्या आजोबांच्या कानावर गेलं नसेल असं मानायला आजोबांना बहिरं तरी मानावं लागेल.

बरं, कायदे आणि ठराव कालचे. त्याआधी तरी कुणाला हे चूक वाटत नव्हतं का? बाराव्या शतकात कल्याणमध्ये, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बसवण्णांच्या अनुयायांपैकी चांभार हरळय्याच्या मुलाचं आणि ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीचं लग्न लागलं. राजाने दोन्ही बापांना देहदंड दिला, असं बसवण्णांच्या अनुयायांची, शरणांची परंपरा सांगते. म्हणजे लग्न मोडणारा राजा जितका 'त्या काळचा', तितकेच ते लावून देणारे बापही त्या काळचेच. तेराव्या शतकात चक्रधरांनी बायकांच्या विटाळशीपणाला नाकाच्या शेंबडाइतकंच महत्त्व दिलं. चौदाव्या शतकात चोखोबांची बायको सोयराबाई विचारत होती की विटाळ तर देहातच जन्मतो, मग विटाळावेगळा देह कुठे आहे ते दाखवा. हे अभंग एकविसाव्या शतकातल्या कुणा परदेशी विद्यापीठात लिहिलेले नाहीत. एकादशीला आपणच टाळ कुटत संतांचे अभंग म्हणतो.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. काही माणसं निसर्गतःच गुलाम असतात हे अ‍ॅरिस्टॉटलने मांडलं. त्याचे वकील आजही म्हणतात, ग्रीसमध्ये तेव्हा सगळ्यांचं मत तेच होतं. पण त्याच प्रकरणात अ‍ॅरिस्टॉटल स्वतः नोंदवतो की गुलामी निसर्गाविरुद्ध आहे, ती केवळ रूढी आहे, बळजबरीवर उभी असल्याने अन्याय आहे, असं म्हणणारे लोक आहेत. त्यांना खोडण्यासाठीच तर त्याने एवढी शाई खर्च केली! ज्या गोष्टीबद्दल कुणालाच शंका नसते, तिचं समर्थन कुणी लिहीत बसतं का?

म्हणून 'त्या काळी' असं कुणी म्हटलं की मी विचारतो, काळ कुणाचा? विहिरीवर पाणी शेंदणाऱ्याचा, की रिकामी घागर घेऊन लांब उभ्या असलेल्या बाईचा? दोघं एकाच वर्षी, एकाच गावात, एकाच सूर्याखाली उभी होती. तिला ते बरोबर वाटत होतं याचा काही पुरावा आहे का? त्या काळाचं मत म्हणून आपण जे सांगतो ते बहुतेक वेळा पाटलाच्या पडवीतलं मत असतं. गावकुसाबाहेर कुणी विचारायला गेलेलंच नसतं. टिळकांच्या वादातही हेच झालं. रखमाबाई नावाची एक मुलगी अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाण्याऐवजी तुरुंगात जायला तयार आहे, असं १८८७ साली कोर्टाला सांगून मोकळी झाली होती. तिचं मतही १८८७ सालचंच होतं. टिळकांना त्यांच्या काळाची सूट द्यायची, तर रखमाबाईला कोणत्या काळात बसवायचं?

'कळतच नव्हतं' या बचावावर माझा विश्वास का बसत नाही, तेही सांगतो. आमच्या खानापूर तालुक्यातल्या घरी परड्याच्या बाजूला वळचणीत एक कप पालथा असे. पांढरा, कान उडालेला, तळाशी चहाचं तांबडं वर्तुळ कायमचं बसलेलं. भाताच्या मळणीला जो गडी यायचा तो आपल्या हाताने तो काढायचा, विसळायचा, उकिडवा बसून पुढे धरायचा, वरून चहा ओतला जायचा, आणि पिऊन झाल्यावर तो पुन्हा विसळून पालथा घालायचा. घरात कुणी त्यावर कधी एक शब्द बोललं नाही. पण शाळा तपासायला बेळगावहून साहेब येणार असले आणि त्यांचा चहा आमच्याकडे असला, की तो कप तेवढ्यापुरता भाताच्या कणगीमागे जायचा. कुणी कुणाला सांगावंही लागत नसे. ज्यात काही वावगं नाही असं खरोखर वाटतं, ते माणूस पाहुण्यापासून लपवतो का? आणि हे १९७० नंतरचं आहे. शाहू महाराज कोल्हापुरात गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलासमोर गाडी थांबवून चहा पीत होते, त्याला तेव्हा पन्नास वर्षं उलटून गेली होती. चहाची ती बातमी खानापूरला पोचायला अर्धं शतक कमी पडलं म्हणायचं!

जुन्या मंडळींचा दुसरा मुद्दा जास्त धारदार आहे आणि तो पटकन झटकता येत नाही. ते म्हणतात, आजची फूटपट्टी तरी शेवटची कशावरून? आणखी शंभर वर्षांनी तुमचेही नातू तुम्हाला नावं ठेवतील. ठेवतील, नक्की ठेवतील. कशावरून ठेवतील याचा अंदाजही मला आहे. गळीत हंगाम सुरू झाला की चिकोडी-अथणीपासून खानापूरपर्यंत उसाच्या फडांकडेला पालं पडतात. शाळा भरायच्या वेळेला तिथे सात-आठ वर्षांची पोरगी वाढं गोळा करत असते, कडेवर धाकटं भावंड. आपण मोटारसायकलवरून जाताना ते बघतो, आणि साखर किलोला दोन रुपयांनी महागली की कुरकुरतो. माझा नातू उद्या सारवासारव करत म्हणाला की "आमच्या आज्याच्या काळी तसंच होतं," तर तो खोटं बोलत असेल. मला माहीत आहे. मी इथे लिहितोय, म्हणजे मला माहीत आहे हे तर आता छापूनच आलं. उद्याचा न्याय माझ्यावरही होणार, यावरून न्यायच करू नये असं निघत नाही. उलट माझ्या नातवाने मला सोडू नये असं मला वाटत असेल, तर मला माझ्या आज्याला सोडण्याचा हक्क कुठून आला?

एवढं म्हणाल्यावर तरुण पोरं टाळ्या पिटणार. पण त्यांच्याशीही माझं भांडण आहे. 'सगळेच गुन्हेगार' म्हटलं की सोयराबाईही त्यात गेली, हरळय्याही गेला, पहिल्यांदा विहिरीवर जाऊन मार खाल्लेला तुमच्याच गावचा तो माणूसही गेला. जुनी मंडळी या लोकांना 'सगळ्यांना मान्य होतं' म्हणत पुसतात, आणि तुम्ही 'सगळे सारखेच' म्हणत पुसता. स्मरणिकेतून गळतं ते पान एकच.

आणि आपण नंतर जन्मलो म्हणून आपोआप चांगले, ही समजूत कुठून आली? डिसेंबर २०२३ मध्ये बेळगाव तालुक्यातल्या न्यू वंटमुरीत मुलगा एका मुलीला घेऊन पळाला म्हणून त्याच्या आईला मध्यरात्री घराबाहेर ओढून विवस्त्र केलं गेलं, धिंड काढली गेली, विजेच्या खांबाला बांधलं गेलं. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि न्यायमूर्तींचा सगळ्यात बोचरा सवाल हल्लेखोरांपेक्षा नुसतं बघत उभ्या राहिलेल्यांना होता. लग्नापायी आईबापांना शिक्षा! कल्याणच्या राजाला निदान साडेआठशे वर्षांपूर्वीचं असल्याची सबब आहे. नीती ही चक्रवाढ व्याजाने आपोआप वाढणारी ठेव नव्हे. ती प्रत्येक पिढीने नव्याने भरावी लागते, आणि एखादी पिढी सरळ बुडवतेही.

हीच तरुण मंडळी बलात्काराची बातमी आली की 'चौरंगा करा' म्हणून स्टेटस ठेवतात. शिवाजी महाराजांनी रांझ्याच्या पाटलाचे हातपाय तोडले, बेलवडीच्या वेढ्यात देसाईणीशी गैर वागलेल्या सरदाराला जबर शिक्षा केली असं बखर सांगते. बेलवडी आमच्याच बैलहोंगल तालुक्यातली, त्यामुळे ही गोष्ट इकडे मराठी-कानडी दोघेही अभिमानाने सांगतात. अभिमान रास्तच आहे. सतराव्या शतकात जिंकलेल्या मुलखातल्या बाईची अब्रू ही लूट नव्हे असं मानणारा राजा त्या काळाच्या पुष्कळ पुढे होता. पण त्यांच्याकडून घ्यायचं ते हे, की अवयव तोडण्याची रीत? जुन्या माणसाकडून नेमकं त्याच्या काळाचं होतं तेवढं उचलायचं आणि काळाच्या पुढचं होतं ते सोडायचं, हा उफराटा व्यवहार झाला. पाटील आपलाच अधिकारी असूनही महाराजांनी त्याला शिक्षा केली, हा त्या गोष्टीतला गाभा. स्टेटस ठेवणाऱ्यांपैकी किती जण आपल्या जातीच्या, आपल्या पक्षाच्या आरोपीबद्दल तोंड उघडतात?

आता सीमाभागातल्या माझ्या मराठी बांधवांना एक गोष्ट विचारायची आहे. हा वाद पुण्यात होतो आणि बेळगावात होतो, यात फरक पडायला हवा तो इथे. बेळगाव कर्नाटकात गेल्यापासून, गेली अडुसष्ट-सत्तर वर्षं, आम्हाला काय ऐकवलं जातं? '१९५६ साली तसंच ठरलं. सीमावादावरचा महाजन अहवालही १९६७ साली येऊन गेला. झालं ते झालं, आता उकरून काय काढता?' हे ऐकलं की आमचं डोकं फिरतं. आम्ही १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतो, १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करतो, सुप्रीम कोर्टात दावा लढवतो. बहुमताने ठरवलं म्हणून न्याय्य होत नाही, जुनं झालं म्हणून बरोबर ठरत नाही, ज्याच्यावर लादलं त्याला विचारलं का ते सांगा: हाच तर आमचा मुद्दा आहे. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण मिळण्याची सोय घटनेच्या कलम ३५० अ मध्ये १९५६ सालीच आली. अल्पसंख्याकाच्या भाषेला हक्क असतो, ही कल्पनाही राजेशाहीच्या हजार वर्षांत कुणी ऐकली नव्हती. ती बदललेल्या नीतीतूनच आली. ती आम्हाला हवी आहे. मग तीच नीती आमच्या गावच्या विहिरीपाशी आली की तिला 'आजची फूटपट्टी' म्हणून हाकलायचं कसं?

तुलना बरोबर नाही, असं कुणी म्हणेल. भाषेचा प्रश्न आणि विहिरीचा प्रश्न एका मापाचे नाहीत. मलाही ते मान्य आहे. दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड हवं हा कायदा आल्यावर आम्हाला अपमान वाटला, सात-बाराचा उतारा कानडीत आला की वाचून घ्यायला दुसऱ्याकडे जावं लागतं, हे सगळं खरं आहे आणि मी त्याविरुद्ध बोलत राहणार आहे. पण त्या दुकानात आम्हाला सामान मिळतं आणि गावातल्या कुठल्याही नळाला आम्ही हात लावू शकतो. ज्यांना तो हात लावू दिला नव्हता त्यांची लेकरंबाळं आज त्याच गावात आहेत, यात्रेची वर्गणी आपल्याइतकीच देतात, आणि स्मरणिकेचा एक अंक त्यांच्याही घरी जाणार आहे.